अठ्ठेचाळीस कोट आणि कपाटाची किल्ली

आमच्या शिवणकामाच्या कार्यशाळेत मूळ माप कपाटाबाहेर जात नाही. हा नियम माझा आहे, आणि नियम करणारी व्यक्ती जोवर हयात असते तोवर त्या घरात नियमाचे कारण विचारण्याची पद्धत नसते. तरीही सांगते. माझ्या सासऱ्यांच्या काळी मापांची वही कापणीच्या टेबलावर उघडी पडलेली असे. एका कारागिराने एका न्यायाधीशांच्या कोटाला सैल, म्हणजे अंगाच्या मापापेक्षा जास्तीची जागा, किती सोडायची याची बेरीज थेट त्या वहीतच केली. पुढच्या वर्षी दुसऱ्याने ती बेरीज मूळ माप समजून तिच्यावर पुन्हा सैल सोडली. न्यायाधीश महाराज तो कोट घालून न्यायासनावर बसले तेव्हा समोरच्या आरोपीला हसू आवरले नाही, आणि त्याची शिक्षा त्यामुळेच वाढली असे म्हणतात.

कारभार माझ्या हाती आला त्या दिवशी मी वही बंद केली. प्रत्येक गिऱ्हाइकाचे एक कार्ड केले: नाव, छाती, कंबर, बाही, उंची. कार्डे कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. कापणीच्या टेबलावर जायची ती फक्त नक्कल केलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर खडूने काय वाटेल ते करा, तिच्यावर चहा सांडा, कपाटातले कार्ड कोरे करकरीत राहते. एक्कावन्न वर्षे राहिले.

आणखी दोन नियम होते. पहिला असा, की मी एकदा मोजलेला माणूस पुन्हा मोजायचा नाही. माझ्या हातचे माप चुकत नाही, तेव्हा पुन्हा टेप लावणे म्हणजे गिऱ्हाइकाच्या आणि माझ्या, दोघांच्याही सचोटीवर शंका घेणे. दुसरा नियम कापणी करणाऱ्या मास्तरांसाठी होता, आणि तो मी त्यांना ते कामावर आले त्याच दिवशी सांगितला होता: आकडे माझे, कात्री तुमची. मास्तर मितभाषी मनुष्य. तेहतीस वर्षांत त्यांनी मला प्रश्न विचारल्याचे स्मरणात नाही. मी तो त्यांचा सद्गुण समजत असे.

तर, माझी नात. तिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी बसत नाही. संगणकाचे शिक्षण संपवून ती घरी आली आणि कधी नव्हे ती एका जागी बसली. कार्यशाळेच्या कोपऱ्यातल्या जुनाट संगणकापुढे. तिचे वडील, म्हणजे माझे चिरंजीव, कामानिमित्त दूरच्या शहरात असतात. त्यांनी तिच्यासाठी तिकडच्या एका कचेरीत खुर्ची शोधून ठेवली होती. पहिल्या तारखेला तिने तिथे रुजू व्हायचे होते. मुलीला जायचे नव्हते.

"आजी, मला इथेच राहायचंय. मापांचं काम मला दे," ती म्हणाली.

"मापांचं काम म्हणजे कपाटाची किल्ली."

"हो, तीच."

मागणी करताना तिचा आवाज कापला नाही, हे मला आवडले. आवडले असे दाखवले मात्र नाही. शहरातल्या वाद्यवृंदाची मोठी मागणी तेव्हा नुकतीच आली होती. नव्या सभागृहाचे उद्घाटन होते आणि अठ्ठेचाळीस वादकांना अठ्ठेचाळीस काळे, लांब शेपटीचे कोट हवे होते. मी अट घातली. या मागणीची मापे तिने तिच्या यंत्रावर चालवावीत. ट्रायलला कोट बरोबर बसले तर किल्ली तिची. नाही बसले, तर पहिल्या तारखेची गाडी.

सूनबाई, म्हणजे भिंगरीची आई, बाह्यांना अस्तर लावत बसली होती. तिने सुई थांबवली नाही.

"छान झालं. सत्तावीस वर्षं चिठ्ठ्या वाहिल्या मी, आणि किल्ली नातीला."

"तुला हवी होती का किल्ली?" मी विचारले.

"मला मुलगी घरात हवी आहे, आई. किल्ली तुम्ही विहिरीत टाकलीत तरी चालेल."

सूनबाईला बोलण्याची ढब नाही. पण त्या दिवशी तिने मुद्द्याचे सांगितले, हे कबूल केले पाहिजे.

*

वादक आमची जुनीच गिऱ्हाइके; त्यांची कार्डे कपाटात होतीच, पण ती मी बाहेर दिली नाहीत. कपाटापाशी उभी राहून एकेक वाचले, आणि भिंगरीने ते टंकले. दोन दुपारी त्यात गेल्या. मग तिने मला खुर्ची दिली आणि तिची करामत समजावून सांगितली.

"बघ आजी, एका माणसाची सगळी मापं एका डब्यात. नाव, छाती, कंबर, बाही, उंची. याला संगणकाच्या सी भाषेत स्ट्रक्चर म्हणतात. असे अठ्ठेचाळीस डबे एका ओळीत ठेवले, की झाला ॲरे."

"म्हणजे माझं कपाट."

"हो, तसंच."

"एक्कावन्न वर्षं घरात असलेल्या वस्तूला नवं नाव देण्यासाठी चार वर्षं शिकावं लागतं, हे मला ठाऊक नव्हतं."

"ऐक ना गं. आणि हे फंक्शन. म्हणजे आपले मास्तर समज. त्याच्याकडे माप पाठवायचं, ते छातीत चार इंच सैल मिळवतं, कमरेत चार मिळवतं आणि कापणीचा तक्ता छापून देतं."

इथे मी तो प्रश्न विचारला, जो त्या खोलीत माझ्याखेरीज कोणालाच सुचला नसता. त्याचा अभिमान मला आजही आहे, जरी त्याचा उपयोग काय झाला ते पुढे येईलच.

"या तुझ्या फंक्शनकडे तू मूळ कार्ड पाठवतेस, की चिठ्ठी?"

भिंगरी खूश झाली. "चिठ्ठीच! नक्कलच जाते आजी. थांब, दाखवते. कोणाचं माप घेऊ?"

"माझं घे."

माझे कार्ड कपाटातले पहिलेच. मी वाचले: छाती चौतीस. सूनबाईला ठसका लागला. ते माप ज्या वर्षी कारभार हाती घेतला त्या वर्षीचे होते, आणि मोजलेला माणूस पुन्हा मोजायचा नाही हा नियम नियम करणाऱ्याला अधिकच लागू असतो. भिंगरीने माझा डबा फंक्शनकडे पाठवला. पडद्यावर अडतीस आले. मग तिने मूळ डबा पुन्हा उघडून दाखवला. चौतीस. हलले नाही, डुलले नाही.

"बघ. आत काहीही होऊ दे, बाहेरचं मूळ शाबूत."

"शितावरून भाताची परीक्षा," मी म्हणाले. "आता सगळ्यांचं चालू दे."

तिने एक डबा पाठवण्याच्या जागी ओळ पाठवायची असा बदल केला, आणि त्याबरोबर किती डबे आहेत ती संख्याही. संख्या कशाला, असे मी विचारले.

"ओळ कुठे संपते ते फंक्शनला कळत नाही. सांगितलं नाही, तर अठ्ठेचाळिसाव्याच्या पुढेही वाचतच जाईल."

"तुझ्या आईसारखं. तिलाही कुठे थांबायचं ते सांगावं लागतं."

"ऐकू येतंय मला," सूनबाई म्हणाली.

तक्ता छापून आला. मी चष्मा लावला. अक्षरे मुंगीएवढी होती. मी कागद परत केला. तिने अक्षरे मोठी केली आणि पुन्हा तक्ता मागवला. या खेपेस नावांचा क्रम वर्णमालेप्रमाणे होता, त्यामुळे ढोल बडवणारा मनुष्य पहिल्या व्हायोलिनवादकाच्या डोक्यावर जाऊन बसला होता. मानाचा क्रम ज्याला कळत नाही त्याचा तक्ता मी स्वीकारत नसते. तिसऱ्या खेपेस सगळे यथास्थित झाले. शीर्षक मधोमध, रेघा सरळ, व्हायोलिन वर, ढोल खाली. मी खाली सही केली.

आकडे मी पाहिले नाहीत. पाहण्याचे कारण नव्हते. ते माझेच होते.

*

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी तक्ता भिंतीला टाचला, टेप गळ्यात घातली आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. मग ते माझ्या खुर्चीपाशी आले.

"बाई, वाद्यवृंदातली मंडळी यंदा चांगलंच बाळसं धरून आहेत."

"असतील."

"तो बासरीवाला... तो म्हणजे बासरीच होता अगदी. इथे शेहेचाळीस दिसतात."

आता विचार करते तेव्हा कळते, की मास्तरांच्या तेहतीस वर्षांतला तो पहिला प्रश्न होता. बिचाऱ्याने त्याला प्रश्नाचे रूपसुद्धा दिले नव्हते. मी मान वर न करता म्हणाले, "मास्तर, आकडे माझे..."

"...कात्री माझी. बरोबर आहे बाई," ते म्हणाले, आणि गेले.

खरे तर त्यांना फक्त बासरीवाल्याचे कार्ड पाहायचे होते. कार्ड कपाटात होते, कपाटाची किल्ली माझ्या कमरेला होती, आणि कार्ड पाहायला मागणे म्हणजे मला खोटे ठरवणे, असे या घरात भिंतींनाही माहीत होते. तेव्हा मास्तरांनी काळे कापड पसरले आणि अठ्ठेचाळीस वेळा, एकही चूक न करता, चूक कापली. सूनबाईने आणि कारागिरांनी तितक्याच निगुतीने कच्चे टाके घातले.

ट्रायल उद्घाटनाच्या दहा दिवस आधी होती. सकाळी अकराला वादक आले. कार्यशाळेत उभे राहायला जागा उरली नाही. ढोलवाल्याने सर्वांआधी कोट चढवला. खांदे बरोबर, बाह्या बरोबर, उंची बरोबर. आणि मध्ये एवढा घेर, की पोटाशी एक उशी सहज मावली असती. बासरीवाल्याची तर कथाच निराळी. तो कोटाच्या आत गर्रकन वळला, आणि कोट होता तिथेच समोर पाहत राहिला.

"यात मी भाडेकरू ठेवू शकेन," तो म्हणाला.

"आत कोणी आहे का?" मागून कोणीतरी त्याच्या पाठीवर टकटक केली. हशा पिकला. माझ्या कार्यशाळेत गिऱ्हाइके आरशापुढे हसत नाहीत. त्या दिवशी हसली.

वाद्यवृंदाचे संचालक हसले नाहीत. "बाई, तुमच्या सासऱ्यांपासून आम्ही इथे येतो. दहा दिवस राहिलेत. हे काय आहे?"

भिंगरीचा चेहरा खडूसारखा पांढरा झाला होता. मी मंडळींना पुढच्या खोलीत चहाला बसवले, दार लावून घेतले आणि तिच्याकडे पाहिले. ती आधीच यंत्रापुढे बसली होती. दहा मिनिटांत तिने डोके हातात धरले.

"सापडलं?"

"सापडलं." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "एकच डबा पाठवला तर त्याची नक्कल जाते, आजी. त्या दिवशी मी खोटं नाही दाखवलं. पण ओळ पाठवली, की नक्कल होत नाही. एवढ्या सगळ्यांची नक्कल करत बसण्यापेक्षा भाषा फक्त पहिल्या डब्याचा पत्ता देते. फंक्शन त्या पत्त्यावर जातं आणि मूळ डब्यांतच हात घालतं. आपण तक्ता तीनदा छापला. तीनदा चार-चार इंच चढले."

मी हिशेब केला. चारच्या जागी बारा. आठ इंच जास्त. सासऱ्यांच्या न्यायाधीशांचा कोट एक्कावन्न वर्षांनी परत आला होता, आणि एकटा आला नव्हता.

"म्हणजे एकाच्या वेळी तू चिठ्ठी पाठवलीस," मी म्हणाले, "आणि अठ्ठेचाळिसांच्या वेळी किल्ली."

"हो."

"हे तुमच्या पुस्तकांत कुठे सांगत नाहीत?"

"सांगतात. सगळ्यांत सांगतात. मी वाचलंही होतं. पण एकावर पाहिलं, तुझं समाधान झालं... मग माझंही झालं." तिने नाक पुसले. "मी पहिल्या तारखेला जाते, आजी. बाबांना आज कळवते."

सूनबाई हातातल्या बाहीची घडी घालत राहिली. घडी आधीच घातलेली होती. ती उलगडून पुन्हा घालत होती.

*

इथे प्रकरण संपले असते. चूक सापडली होती, चूक करणारीने ती कबूल केली होती, आणि माझा नियम पहिल्यापेक्षा अधिक झळाळून निघाला होता. मूळ माप बाहेर जाऊ देऊ नये! मी खुर्चीतल्या खुर्चीत दोन इंच उंच झाले होते. पण पुढच्या खोलीच्या दाराच्या काचेतून मला एक मनुष्य दिसत होता, आणि तो मला स्वस्थ बसू देईना.

ते ट्यूबा नावाचे हंड्याएवढे पितळी वाद्य वाजवणारे गृहस्थ होते; अंगाने वाद्याला शोभतील असे. सगळ्यांनी कोट उतरवून ठेवले होते. यांनी उतरवला नव्हता. आरशापुढे उभे राहून ते स्वतःकडे उजवीकडून आणि डावीकडून पाहत होते, कारण कोट त्यांना बसला होता. ठाकठीक म्हणावा इतका बसला होता.

जो कोट आठ इंच मोठा कापला आहे, तो बसतो कसा?

मी कपाट उघडले. त्यांचे कार्ड काढले. छाती शेहेचाळीस; खाली माझी सही आणि तारीख. तारीख नऊ वर्षांपूर्वीची. मी मास्तरांना खूण केली, गृहस्थांना आत बोलावले आणि म्हणाले, "कोट उतरवा आणि जरा हात वर करा." टेपचे एक टोक माझ्या हाती, दुसरे मास्तरांच्या.

बावन्न.

"किती आहे?" गृहस्थांनी काळजीने विचारले.

"पुरेसं आहे," मी म्हणाले, आणि त्यांना परत चहाला पाठवले. पहिल्या व्हायोलिनवादकाला बोलावले. कार्डावर अडतीस. अंगावर त्रेचाळीस. कार्डाप्रमाणे कोट बेचाळीसचा झाला असता. म्हणजे कोट माणसापेक्षा लहान. उद्घाटनाच्या दिवशी त्याने गज उचलला असता आणि पहिल्याच सुराला पाठीवरची शिवण उसवली असती. आणि कापड आधीच कापलेले! कापून मोठा झालेला कोट आत घेता येतो. कापून लहान झालेल्या कोटाला वाढवणारा कारागीर अजून जन्माला यायचा आहे.

मी टेप गुंडाळली. मास्तर माझ्याकडे पाहत नव्हते. ते खिडकीकडे पाहत होते, इतक्या एकाग्रतेने, की तिथे काही पाहण्यासारखे नाही हे स्पष्ट व्हावे. त्यांनी दोन्ही आकडे वाचले होते. कार्डावरची तारीखही त्यांच्या नजरेतून सुटली नव्हती. भिंगरी पाठमोरी बसून चिरंजीवांना निरोप लिहीत होती, आणि सूनबाई घडी उलगडत होती.

गप्प राहणे अतिशय सोपे होते. त्या खोलीत गप्प राहण्याची शिस्त मीच लावली होती, आणि ती उत्तम लागली होती. मी बोलले नसते तर मास्तर या जन्मी बोलले नसते. कोट आत घेतले गेले असते, कार्डे गुपचूप बदलता आली असती, मुलगी पहिल्या तारखेला गेली असती, आणि माझे एक्कावन्न वर्षांचे कपाट तसेच कोरे करकरीत राहिले असते. त्यात काय काय खोटे झाले आहे, ते एकट्या मला आणि खिडकीकडे पाहणाऱ्या एका माणसाला ठाऊक असते.

मी कोणाची क्षमा मागत नाही. ती सवय लहानपणी लागावी लागते, आणि मी मोठ्या घरात वाढले. पण खोटे कार्ड कपाटात ठेवून त्याला कुलूप लावणे हे क्षमा मागण्यापेक्षा अधिक हलक्या प्रतीचे काम आहे, एवढे मला कळते.

"भिंगरी," मी म्हणाले, "तो निरोप पुसून टाक. सूनबाई, दार उघड. सगळ्यांना आत बोलाव."

मंडळी आत आली. मी उभी राहिले. बसून सांगण्याची ही गोष्ट नव्हती.

"संचालकसाहेब, कोट आठ इंच मोठे झाले, ही या यंत्राची चूक. ती आम्ही काढू. पण यंत्र चुकलं नसतं आणि कोट माझ्या कार्डांप्रमाणे झाले असते, तर तुमच्या पहिल्या व्हायोलिनला बटण लावता आलं नसतं. कार्डं नऊ वर्षांपूर्वीची आहेत. तुम्हा लोकांना पुन्हा मोजायचं नाही, असा नियम मी केला होता. नऊ वर्षांत तुम्ही माझ्या परवानगीवाचून वाढलात."

कोणीतरी हसले, पण जपून.

"सूनबाई, टेप घे. एकेकाला मोज. मास्तर, तुम्ही जुना आकडा वाचा, ती नवा सांगेल."

"मी?" सूनबाई म्हणाली. तिच्या हातातून बाही गळून पडली.

"नाही तर कोण? सत्तावीस वर्षं चिठ्ठ्या वाहिल्यास ना? आता त्यांवर काय लिहायचं ते सांग."

अठ्ठेचाळीस माणसे मोजून व्हायला दुपार झाली. एकोणतीस जण वाढले होते. दोघे बारीक झाले होते. त्यांतल्या एकाचे लग्न मोडले होते, असे त्याने आपण होऊन सांगितले. बासरीवाला होता तेवढाच होता, तसूभरही फरक नाही. एकही कोट असा निघाला नाही जो वाचवता येणार नव्हता. संचालक निघताना म्हणाले, "बाई, तुमची चूकसुद्धा मोजूनमापून असते." मी ते कौतुक म्हणून स्वीकारले. त्यांच्या मनात दुसरे काही असेल, तर ते त्यांनी आपल्या मनातच ठेवावे.

*

मंडळी गेल्यावर भिंगरी यंत्रापुढेच बसून होती. ती फंक्शन दुरुस्त करत होती. काय करतेस, असे मी विचारले.

"पत्ता तर द्यावाच लागतो, आजी. पण त्याच्या आधी कॉन्स्ट असा शब्द लिहिला, की फंक्शनला नुसतं वाचता येतं. बदलायला गेलं, तर भाषाच अडवते. सैल मिळवलेले आकडे मी वेगळ्या ओळीत ठेवतेय. वाचायची ओळ वेगळी, लिहायची वेगळी."

"पाहा पण हात लावू नका."

"बरोब्बर."

"उत्तम शब्द आहे. तुझ्या आईला मी सत्तावीस वर्षं याच शब्दावर ठेवलं."

"ऐकू येतंय मला," सूनबाई म्हणाली; पण या वेळी तिच्या आवाजात टाचणी नव्हती.

मी थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिले. समजले काही नाही, पण ते मान्य करण्याचा दिवस तो नव्हता. एका दिवसाला एक पुरे. मग म्हणाले, "आणखी एक फंक्शन लिही. त्याच्या आधी तो शब्द घालू नकोस."

"म्हणजे? ते मूळ डब्यांत हात घालेल."

"घालू दे. वर्षातून एकदा. नवं माप घेऊन जुन्याच्या जागी ठेवायचं, तारखेसकट. ते चालवायचा अधिकार तुझ्या आईचा. तिनं मोजल्यावाचून एकही आकडा बदलायचा नाही, आणि तिनं मोजलं, की कोणीही अडवायचं नाही. मीसुद्धा."

मग मी कमरेची किल्ली काढली. एक्कावन्न वर्षांत ती साडीच्या कनवटीला अशी सरावली होती, की निघायला दोन प्रयत्न लागले.

"कोट बरोबर बसले तर किल्ली, असं ठरलं होतं," मी म्हणाले. "कोट बरोबर बसले नाहीत."

सूनबाईने गळ्यातली टेप मुठीत धरली.

"पण कार्डंही बरोबर नव्हती. ज्या परीक्षेचा पेपरच चुकीचा, तिचा निकाल लावता येत नाही. ती बाद. धर." किल्ली मी भिंगरीच्या तळहातावर ठेवली. "तुझ्या बाबांना मी कळवते, की ती खुर्ची दुसऱ्या कोणाला द्या. आणि मास्तर..."

मास्तर टेबल पुसत होते. ते थांबले.

"यापुढे कागदावरचा आकडा पटला नाही, तर कात्री खाली ठेवायची आणि विचारायचं. तोंडावर. हा नियम आहे."

"बरं, बाई."

"नुसतं बरं नाही. पाळायचा."

"पाळीन, बाई."

भिंगरीने कपाट उघडले. तिला नवे फंक्शन चालते का ते पाहायचे होते, आणि पाहायला पहिले कार्ड लागते. ते तिने बाहेर काढले आणि माझ्याकडे पाहिले. विचारण्याची तिची छाती झाली नाही. सूनबाईचीही झाली नाही. पण टेप तिच्याच गळ्यात होती.

"काय पाहता?" मी म्हणाले. "मोजा."

मी उभी राहिले, हात किंचित बाजूला घेतले. सूनबाई माझ्या मागे आली. सत्तावीस वर्षांत ती माझ्या इतकी जवळ कधी उभी राहिली नव्हती. टेप छातीभोवती फिरली, टोके पुढे जुळली. तिने वाकून आकडा पाहिला, आणि भिंगरीने कळफलकावर बोटे ठेवली. मी ताठ उभी होते, तारुण्यातल्या माझ्या तसबिरीत उभी आहे तितकीच ताठ.

"अडतीस," सूनबाई हळूच म्हणाली.

भिंगरी तो आकडा टंकणार, इतक्यात टेबलापाशी घसा खाकरल्याचा आवाज आला. मास्तरांनी हातातली कात्री खाली ठेवली होती.

"बाई," ते म्हणाले, "विचारू का?"

"विचारा."

"श्वास घेता का जरा?"